आखाजीपर्यंत ब्रेक लागले पाहिजेत

"सून चांगली हाय हो, पण हँडब्रेक ओढेल हाय. बोलतच नाही!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गहू निवडत होते आणि वसंतकाका अंगणातल्या कडुनिंबाखाली, आमच्या गाडीच्या पोटाखाली आडवे होते. गाडीखाली बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, असा त्यांचा समज आहे. अशा समजांमुळेच माझ्याकडे किस्से जमतात. मी गप्प बसते, म्हणून लोक माझ्यादेखत काहीही बोलतात. कडुनिंबाचा मोहोर गळावा तसं सगळं आपोआप ओंजळीत येतं. मला झाड हलवावंसुद्धा लागत नाही.

मंडळी तीन. मामाजी, म्हणजे माझे सासरे. खामगावात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. वसंतकाका, जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेले. आणि गवईकाका, बँकेतून रिटायर. तिघं एका वर्गातले, त्यामुळे अजूनही एकमेकांना "बे" म्हणतात. चौथी ती: आजेसासऱ्यांनी घेतलेली जुनी पांढरी गाडी.

लग्नाच्या मांडवात मामाजींनी माझ्या आईला शब्द दिला होता, "पहिल्या आखाजीले पोरीले याच गाडीत डोणगावले घेऊन येतो!" शब्द दिला तेव्हा गाडीचे मागचे ब्रेक गेलेले होते आणि हँडब्रेक नुसता शोभेला होता. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत होती, आणि माझं माहेर त्या मागच्या दोन चाकांत अडकलं होतं.

*

आमचं अंगण गेटकडे उतरतं. म्हणून गाडीच्या मागच्या चाकाला कित्येक वर्षांपासून एक काळा दगड लावलेला. दसऱ्याला गाडीची पूजा करताना सासूबाई दगडालाही हळदकुंकू लावायच्या. मग शेजारच्या काकू येता-जाता त्यावर फूल ठेवायला लागल्या.

ब्रेक दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी वसंतकाकांनी तो दगड पायाने सरकवला. सासूबाई दारातून ओरडल्या, "पाय नका लावू! देव हाय तो!"

"वहिनी, चाकाले लावायचा गोटा हाय हा."

"मंग? इतकी वर्सं गाडी कोणं धरली? तुमच्या ब्रेकनं?"

तिघांनी चपला काढल्या!

*

चाकाच्या आत लोखंडी डब्यासारखा ड्रम असतो. तो काढल्याशिवाय ब्रेक दिसत नाहीत. आमचा ड्रम निघेना. वसंतकाकांनी हातोडा मारला, मामाजींनी डिझेल ओतलं, गवईकाकांनी त्याला शांतपणे समजावून पाहिलं. दुपारभर ठण, ठण, ठण. त्या ठेक्यावर ऊन सुस्तावलं, मांजर झोपलं, माझेही डोळे मिटायला लागले. समोरच्या घरून निरोप आला, "भजन चालू हाय का? आम्हीबी येतो!"

शेवटी घामाने भिजलेले गवईकाका जरा टेकायला म्हणून गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "काऊन बे, हा हँडब्रेक कोणं ओढला?"

मामाजींनी. खबरदारी म्हणून. वर्षानुवर्षं न लागलेला हँडब्रेक नेमका त्या दिवशी लागला होता आणि ड्रम आतून घट्ट धरून बसला होता!

*

ड्रम निघाला आणि आतली स्प्रिंग उडाली. "टिंग" एवढाच आवाज.

"वर गेली," गवईकाका म्हणाले. मग तिघंही कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. निळं, रिकामं, उन्हाळी आभाळ. एक घार फिरत होती. मला वाटलं, हे आता विसरलेत की आपण काय शोधतोय.

संध्याकाळी मी बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होते, तर एक कुरडई जड लागली. मी काही न बोलता सासूबाईंच्या हातात दिली. त्या तशाच अंगणात गेल्या आणि वसंतकाकांपुढे धरली. "भाऊजी, ही तळून देऊ का कच्चीच खाता?"

*

मग नव्या ब्रेकपट्ट्या आणायच्या होत्या. त्यांना हे लोक लायनर म्हणतात. मामाजी मला म्हणाले, "त्याले मेसेज टाक, ऑफिसातून येतानी लायनर आण म्हणा." मी ह्यांना तेवढंच टाकलं: येताना लायनर आणा.

संध्याकाळी मामाजी गेटपाशीच हात पसरून उभे. हे त्यांना ओलांडून सरळ माझ्याकडे आले आणि एक इवलीशी डबी माझ्या हातात ठेवली. चेहरा इतका खुललेला! "पह्यल्यांदा काही मागितलं तू. निळं बी होतं, पण तुझ्या डोळ्याले काळंच शोभते."

मामाजींनी डबी हातात घेतली, चष्मा वर करून नीट पाहिली. "हे डाव्या चाकाचं का उजव्या?"

ते काजळासारखं काळं मी अजून जपून वापरते.

*

दुसऱ्या दिवशी चाकाचे खरे लायनर आले आणि बसले. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल दाबावं लागतं. मला बसवलं. "दाब म्हटलं का दाबजो, सोड म्हटलं का सोडजो."

"दाब!" मी दाबलं. "धरून ठेव!" मी धरलं.

समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता, उन्हात पाण्यासारखा हलणारा. गाडी जागेवरच होती, पण मी निघाले. मेहकर मागे पडलं, ओळखीची बाभूळ आली, आमची गल्ली आली, पदराला हात पुसत आई दारात आली...

काचेवर टकटक झाली. सासूबाई. "अवं, तू इथी काय करून राह्यली? ते तिघं चहा पिऊन कधीचे गेले!"

"सोड" कोणी म्हटलंच नव्हतं.

*

आखाजीच्या आदल्या सकाळी हँडब्रेक ओढला आणि गाडी उतारावर उभी राहिली. नुसत्या ब्रेकवर! वसंतकाकांनी टपावरून हात फिरवला, झोपलेल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग एकदम घाई. मी बॅग घेऊन निघाले, तर मला मागे उभं केलं, "चाक सरकते का पाह्यजो." चाक सरकत नव्हतं. मी बघत राहिले. वसंतकाका स्टिअरिंगवर बसले. शेजारी मामाजी. मागे गवईकाका, "ब्रेकचा आवाज ऐकाले मागं कोणी पाह्यजे ना बे!" त्यांच्याशेजारी टूलबॉक्स, जॅक आणि काढलेल्या जुन्या ब्रेकपट्ट्या. पलीकडच्या खिडकीशी सासूबाई, विहीणबाईंसाठी कुरडयांचा डबा मांडीवर सांभाळत. हे ऑफिसातून परस्पर येणार होते.

दारं धडाधड लागली. गाडी सुरू झाली. मामाजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बाई, गेट लावून घेजो."

मी बॅग खाली ठेवली, खिडकीशी गेले आणि म्हणाले, "मामाजी, डोणगावले पोहोचले का माह्या आईले सांगजा, मी बसनं येऊन राह्यली."