कचऱ्याचा खांब

सिब्रेन हाउत्स्मा तसा भित्रा माणूस नव्हता. पण धंदा बुडायला लागला की भल्याभल्यांची अक्कल आधी बुडते, तसं त्याचं झालं.

नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतात एका कालव्याकाठच्या शेडमध्ये तो आणि त्याची बायको रिन्स्के घराघरातला प्लास्टिकचा कचरा वितळवून काठ बांधायचे खांब ओतायचे. पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या, दह्याचे डबे, सगळं एकत्र. पिशवीचं प्लास्टिक लवचीक, दह्याच्या डब्याचं ताठ. एरवी या दोन प्लास्टिकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, वितळले तरी एकमेकांना धरायला तयार नाहीत. कुणाला कशात किती मिसळायचं हे रिन्स्केनं चुका करकरूनच बसवलं होतं. तिचा खांब कुजत नसे आणि वाकतही नसे.

मग परदेशातून नवंकोरं प्लास्टिक येऊ लागलं, निवडलेल्या कचऱ्याहूनही स्वस्त. गिऱ्हाइकं गेली, पाठोपाठ कामगार गेले. आशा उरली ती कालवे आणि बांध सांभाळणाऱ्या सरकारी पाणीमंडळाची. तिथल्या मिनामाबाई म्हणाल्या होत्या, "एक खांब आमच्यासमोर बांधात ठोकून दाखवा. सरळ उतरला तर सगळ्या काठाचं काम तुमचं." नाही उतरला तर शेडमधलं ओतायचं यंत्र भंगारात जाणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

रिन्स्केनं खांब ओतला, तो आतून पोकळ निघाला. कचरा ओला राहिला होता.

"होतं असं या दमट हवेत," ती म्हणाली. "वाळवून दुसरा काढते. तू तोंड कशाला पाडतोस?"

तिनं दुसरा काढलाही. पण सिब्रेनला तो पहिला पोकळ खांबच दिसत राहिला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, यानं काडी सोडून धोंडा धरला. रिन्स्के आईकडे गेल्याचं पाहून त्यानं नव्या प्लास्टिकच्या गोणी आणल्या, ज्यानं त्याचं दिवाळं काढलं त्याच मालाच्या, आणि गुपचूप आपला वेगळा खांब ओतला. कचऱ्याचा वाटावा म्हणून वर राखाडी रंग आणि शाम्पूच्या बाटल्यांचे निळे कण. इतका गुळगुळीत खांब त्या शेडमधून कधी निघाला नव्हता. सुटलो, असं वाटून त्याला रडूच आलं.

ठरल्या दिवशी त्यानं हाच खांब गाडीत घातला. रिन्स्के मागून सायकलवर कॉफीचा थर्मास घेऊन आली. तिनं खांबावरून हात फिरवला, नवऱ्याकडे पाहिलं आणि कॉफी ओतायला लागली.

पाणीमंडळाच्या कामगारानं, त्येर्डनं, खांब ठोकायचं यंत्र चालू केलं. बांधाची माती चिवट. थोडे घाव बसले आणि खांबाचं पोट बाहेर आलं, मग तो सावकाश कालव्याकडे झुकला. नवा असला तरी माल नुसता पिशवीचाच, ताठ करणारं त्यात काही नव्हतंच.

"सिब्रेन, अरे खांब आणलास की सॉसेज?" त्येर्ड ओरडला. "मोहरीची चटणी विसरलास वाटतं!"

मिनामाबाई हसल्या नाहीत. "वाईट वाटतं, सिब्रेन. पण कचरा तो शेवटी कचराच."

हे मात्र त्याला सोसवलं नाही. "हा कचऱ्याचा नाहीच! नव्या मालाचा आहे. आमचा खरा खांब शेडमध्ये पडलाय. आत्ता आणतो, थांबा तुम्ही!"

"म्हणजे मला फसवायला निघाला होतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि आता दुसरा आणाल, त्यात काय भरलंय ते मी कुणाच्या शब्दावर मानू?"

त्या आपल्या गाडीकडे वळल्या. सिब्रेन धावला, गाडीचं दार धरून उभा राहिला. "एकदा बघा हो, एकदाच! ती बिचारी राबलीय त्याच्यावर!" बाईंनी हळूच त्याची बोटं सोडवली आणि दार ओढून घेतलं.

गाडी गेली. त्येर्डही मान खाली घालून यंत्र आवरू लागला.

"त्या बाईला फसवलंस ते जाऊ दे," रिन्स्के म्हणाली. "माझा खांब टिकेल असं तुला वाटलंच नाही ना?"

निदान तिच्या समाधानासाठी तरी खोटं बोलावं, असं सिब्रेनच्या मनात आलं.

"नाही वाटलं," तो म्हणाला.

रिन्स्केनं मान हलवली, सायकल उचलली आणि ओतायच्या यंत्राची वीज बंद करायला शेडकडे निघाली.