सॅलॅमँडर, उंदीर आणि माझं बोट

मुलगी पाचवीत आहे. शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, दोन प्राण्यांची तुलना: एक संपत आलेला, एक मुबलक. तिने मोबाइलवर शोधून सॅलॅमँडर आणि उंदीर निवडले. मी म्हटलं, च्यायला, उंदरासाठी मोबाइल कशाला? खाली गाळ्यात ये, कापडाच्या थप्पीत बाळंतपणं चाललीत त्यांची.

विठ्ठलवाडीत आमचं घर वर आणि जीन्सच्या कटिंगचा गाळा खाली. मी कटिंग मास्तर होतो. डाव्या हाताने थप्पी दाबायची, उजव्याने मशीन पुढे ढकलायची. गेल्या दिवाळीच्या सीझनला पातं डाव्या तर्जनीवरून गेलं आणि पुढचं पेर खाली पडलं. कारागिराने मला रिक्षात कोंबलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "तुकडा कुठाय? जोडता येईल." घरी फोन लावला. तोवर आईने तो हळद लावून तुळशीत पुरला होता. देहाचा भाग कचऱ्यात कसा टाकायचा, असं तिचं म्हणणं. उकरून आणला, पण उशीर झाला होता.

आता कटिंग दुसरा करतो, मी धागे तोडत बसतो. आईचा राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही. तीही त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही.

काल जेवणाआधी मुलगी वाचून दाखवत होती. "सॅलॅमँडर पालीसारखा दिसतो. त्याचा पाय तुटला तर अख्खा परत येतो, हाडासकट. पण मेक्सिकोतल्या तळ्यातली ही जात आता थोडीच उरलीय."

"सगळं परत येतं आणि तरी संपतोय? मग काय उपयोग?"

"उंदराच्या बोटाचं फक्त टोक येतं. तेपण नखाचं मूळ राहिलं असेल तरच." तिने माझा हात ओढून उलटसुलट बघितला. "बाबा, तुझं नख?"

"गेलं त्याच्याबरोबर. वाच पुढे."

आई पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि येऊन पिठाने भरलेला हात माझ्यापुढे धरला. "माझं बोट काढून लावता येत नाही का रे?"

ती चेष्टा करत नव्हती. मला रडू यायला हवं होतं.

"नाही गं येत," मी म्हटलं.

"डॉक्टरांना एकदा विचारून तर बघ," आई म्हणाली आणि हात तसाच धरून उभी राहिली.