जरा जीभ बाहेर काढा!

मी दातांची डॉक्टर. पण माझ्याकडे साठलेत ते जिभांचे किस्से! दाढ दुखली की माणूस गुमान येऊन खुर्चीत बसतो. जिभेचा रंग बदलला की मात्र आधी आरसा, मग मोबाईल, आणि अर्धमेला झाला की मग मी. मूळची मी कराडची, सोळा वर्षं चंदीगडात क्लिनिक चालवते. हे सगळं एकदा लिहून काढायचं असं दरवेळी ठरवते, आणि तेवढ्यात पुढची जीभ येते.

* * *

ग्रेवाल मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका. एका सकाळी जीभ घेऊन आल्या ती काळीकुट्ट. शाई प्यायल्यासारखी! बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, सच बताना. मैं तैयार हूँ."

मी टॉर्च मारला. विचारलं, "पेट के लिए कोई नई दवा?"

पर्समधून गोळ्यांची पट्टी निघाली. त्यात बिस्मथ होतं. त्यानं जीभ काळी पडते, कोर्स संपला की आपोआप निवळते. तोवर मऊ ब्रशनं हलकेच घासायची, बस्स. मी हे सगळं नीट समजावलं. मॅडम खूश व्हायच्या ऐवजी जास्तच गंभीर झाल्या.

"कितने दिन में जाएगा?"

"कोर्स के बाद, थोड़े ही दिन में."

"इतनी जल्दी? बच्चों को मत बताना जी! कॅनडावाला और बेंगलुरूवाला, दोनों ने टिकट करा ली है. पाँच साल में पहली बार साथ आ रहे हैं!"

* * *

कौस्तुभ आयटी पार्कमधला, नाशिकचा पोरगा. जिभेवर पांढरा थर. हा पठ्ठ्या टंग क्लीनरनं रक्त येईपर्यंत खरवडत होता. "ताई, मी हरणार नाही!"

"अरे, जिभेशी कसली कुस्ती खेळतोस? दम्याचा पंप घेतोस का?"

घेत होता. नंतर चूळ मात्र भरत नव्हता. त्यामुळे बुरशी धरली होती. मी औषध दिलं आणि बजावलं, पंप मारला की लगेच गुळण्या करायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही.

पोरानं खरंच चुकवला नाही. सकाळच्या मीटिंगमध्येसुद्धा! फक्त माईक बंद करायचा राहिला. ऐन गुळण्यांच्या मध्ये मॅनेजरचा आवाज आला, "कौस्तुभ, यू आर ब्रेकिंग."

* * *

अनघा शेजारीण, युनिव्हर्सिटीत शिकवते; अर्णव तिचा मुलगा. जुलैत तिचा फोन आला. "ताई, अर्णवची जीभ निळी पडलीय!"

जीभ आणि ओठ निळे पडले, श्वास लागला, तर एक मिनिटही घालवायचं नसतं. "धाप लागलीय का? ओठ कसे आहेत?"

"धाप कसली! सायकलवरून उतरायला तयार नाही!"

"व्हिडिओ लाव."

ओठ गुलाबी. जीभ जांभळी. शर्टाचा खिसाही जांभळा! आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभळाची झाडं आहेत.

"अर्णव, जांभळं खाल्लीस ना रे?"

"नहीं खाए! मेरी जीभ जन्म से ऐसी है!"

* * *

आणि माने. सांगलीकडचे. चंदीगडजवळच मुल्लानपूरला एका बांधकामावर सुपरवायझर. दाढ दाखवायला आले होते, सोबत मुलगी सायली. मला दिसला तो जिभेच्या कडेचा पांढरा चट्टा. मी गॉझच्या पट्टीनं पुसला. निघाला नाही. खालच्या ओठात तंबाखू होतीच.

"माने, हे दाढेपेक्षा महत्त्वाचं आहे. याचा तुकडा काढून तपासायला हवा."

"दुखत तर नाही मॅडम. पोरीची बारावी होऊ द्या, मग बघू."

सायलीला मराठी समजायची, बोलायची मात्र हिंदीत. ती खुर्चीजवळ आली. "पप्पा, आपका टेस्ट नहीं, तो मेरा पेपर नहीं."

"मॅडम, समजवा की हिला!"

"मी तिच्याच बाजूनं आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माने हॉस्पिटलच्या रांगेत होते. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढून टाकला. तंबाखू त्याच दिवशी सुटली म्हणणार नाही मी. दोनदा परत धरली. दोन्ही वेळा सायलीनं खिशातून पुडी काढून कचऱ्यात टाकली आणि अभ्यासाला बसली. तिसऱ्यांदा पुडी आलीच नाही.

बारावी झाली, सायली पुण्याला कॉलेजात गेली. जाताना बापाला अट घातली, दर रविवारी जिभेचा फोटो पाठवायचा.

परवा माने तपासणीला आले. जीभ स्वच्छ, गुलाबी, कडेला फक्त शस्त्रक्रियेची बारीक रेघ. मी दोनदा चाचपून पाहिली. त्यांनी कौतुकानं मोबाईल पुढे केला. रविवारमागून रविवार, जीभ आणि जीभ! एकही रविवार चुकला नव्हता.

शेवटचा फोटो बघून मी थांबले. त्यात दोन जिभा होत्या.

"ही दुसरी कुणाची हो?"

"साइटवरचा गवंडी. त्यालाबी तसलंच पांढरं आलंय." माने उठून दाराकडे गेले. "यायला तयार नव्हता. धरून आणलाय, बाहेर बसलाय. आणू आत?"