हातांवर कॅमेरा

आमचे काका घड्याळं दुरुस्त करतात, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ती बिघडलेलीच असणार अशा नजरेनं बघतात. त्यांच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. एवढ्याशा दुकानाला कॅमेरा आणि रेकॉर्डर कशाला, असं कुणीही विचारलं असतं. काकूंनी तर विचारलंच.

कारण होते मागच्या गल्लीतले मास्तर. दुरुस्त झालेलं घड्याळ घरी नेऊन ते चारचौघांत म्हणाले, "आतलं मशीन बदललंय यांनी." झालं! काकांची अन्नावरची वासनाच उडाली. जन्मभर नावाला जपलेला माणूस. "मला चोर म्हणाले," हे ते भिंतीवरच्या घड्याळांना सांगत बसायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं, पुरावा ठेवायचा. रेकॉर्डर घ्यायला मला सोबत नेलं, कारण मला 'त्यातलं कळतं'. मला मोबाइल चार्जिंगला लावता येतो, पण घरात ख्याती फार मोठी आहे.

पहिला रेकॉर्डर काकांनी बघताक्षणी नाकारला. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ त्यांच्या मनगटावरच्या वेळेपेक्षा मागे होती.

"अहो, ती लावता येते," दुकानदार म्हणाला.

"लावता मलाही येते. पोट भरतो त्यावर. दुसरा दाखवा."

दुसरा चार कॅमेऱ्यांचा निघाला. "एक दारावर, एक गल्ल्यावर..." दुकानदार रंगात आला.

"चोराची भीती नाही मला. एकच कॅमेरा हवा, माझ्या हातांवर."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"बरं. पण डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. महिनाभराचं राहील."

"आमची गिऱ्हाइकं घड्याळ टाकून वर्षभर फिरकत नाहीत. भांडायचं तर महिन्याच्या आत या, अशी पाटी लावू?"

दुकानदार हसला आणि त्यानं सगळ्यात मोठी डिस्क काढली. काकांनी ती कानाशी धरून हलवून बघितली, मगच पसंत केली.

कॅमेरा टेबलाच्या बरोबर वर बसला आणि आमचे काका बदलले. एरवी गुणगुणत, पाठीची कमान करून काम करणारा माणूस ताठ बसू लागला. "हा स्क्रू यांचाच आहे हं," असं मान वर करून कॅमेऱ्याला सांगू लागला. काकू म्हणाल्या, "लग्नाच्या फोटोतसुद्धा इतके शहाण्यासारखे बसला नव्हतात!"

जवळपास दुसरा घड्याळवाला नसल्यामुळे मास्तरांचा अबोला फार टिकला नाही. ते बायकोचं घड्याळ देऊन गेले, दुरुस्त झाल्यावर घेऊन गेले, आणि संध्याकाळी परत हजर. "मशीन तेच आहे ना?"

काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. याच प्रश्नासाठी तर सगळा खटाटोप.

"बसा मास्तर," ते म्हणाले, आणि मला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं.

पडदाभर काकांचे हात दिसले. झाकण उघडलं, मशीन निघालं, साफ झालं, तेच परत आत गेलं. शंकेला जागाच नव्हती. मग चिमट्यात स्क्रू आला. इवलासा स्क्रू, आणि त्यामागचा हात थरथरत होता. स्क्रू भोकापाशी गेला, घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. भिंग लावून बसलं की काकांना फक्त स्क्रू दिसतो. स्वतःचा हात एवढा मोठा त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिला.

मास्तरांनी कान पकडले. "चुकलो. मागच्या वेळचंही मागे घेतो, आणि चारचौघांत सांगतो." त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. "हेही बघून ठेवा. दुसऱ्या कुणाला देणार नाही मी."

काकांनी ते हळूच त्यांच्याकडे सरकवलं. "मशीन तुमचंच होतं, ते दिसलं. बाकीचंही दिसलं. मनगटावरची घड्याळं आता नाही घेत मी. भिंतीवरचं असेल तर आणा."

मास्तर घड्याळ पुन्हा मनगटावर बांधून निघून गेले. नाव परत मिळालं तेव्हाच हातचं काम सुटलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं. काकूंना हे कसं सांगायचं, ही काळजी काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. पण काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

"आज कळलं होय तुम्हाला?" कप त्यांच्या हातात देत त्या म्हणाल्या. "मी कप अर्धाच का भरते, असं वाटत होतं?"