फुकटचं पान

आमच्या ग्रामपंचायतीची वेबसाइट झालीच पाहिजे, असं वरून आलं तेव्हा मी तिथे संगणक परिचालक होते. दाखले काढून द्यायचे, एवढंच माझं काम. वेबसाइट मी आयुष्यात एकच केली होती, बहिणीच्या शिवणक्लासची. तीही इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तेवढ्या भांडवलावर मी ग्रामसेवकांना म्हटलं, "साहेब, आपणच करू ना. काही लागत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, फुकटच्या वस्तूला जबाबदार कोण?"

मी पुन्हा दाखल्यांकडे वळले.

मग नागपूरहून एक विक्रेता आला. त्याच्या लॅपटॉपवर आमची वेबसाइट आधीच तयार होती, फक्त नाव दुसऱ्या गावाचं होतं. मथळा सारखा पळत होता, कोपऱ्यात झेंडा फडकत होता आणि 'निसर्गसौंदर्य' या सदराखाली चक्क समुद्र होता.

सरपंच पुढे वाकले. "माहा फोटो कुठी येईल?"

विक्रेत्याने बटण दाबलं. त्या दुसऱ्या गावच्या सरपंचांनी अख्खा पडदा व्यापला.

"इतना बड़ा, सर."

"त मंग हेच घ्या," सरपंच म्हणाले. सॉफ्टवेअरची निवड झाली. लोकांच्या मोबाईलवर मराठी नीट दिसेल का, असं मी विचारून पाहिलं. "सब होता है, मॅडम," विक्रेता म्हणाला. समुद्र तेवढा काढायला सांगितला, तर त्याने बर्फाचे डोंगर टाकले. आमच्याकडे डोंगर आहेत, हे खरं आहे.

माघात गोंड समाजाची कचारगडची यात्रा आली. चार राज्यांतले लोक त्यासाठी आमच्या जवळच्या दरेकसा स्टेशनवर उतरतात. पिण्याचं पाणी कुठे, गाड्या कुठे लावायच्या, दवाखाना कुठे, हे सगळं मी वेबसाइटवर टाकलं. कार्यालयात आम्ही जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप करायचो. तो फॉण्ट आमच्या संगणकात होता, त्यामुळे तिथे ते सुरेख दिसलं. बाहेर मोबाईलवर मात्र नुसते कंस, ठिपके आणि तुटकी इंग्रजी अक्षरं.

छत्तीसगडहून एका यात्रेकरूचा फोन आला. "मैडम, ये कौन सी भाषा है? गोंडी तो नहीं है."

मी विक्रेत्याला फोन लावला. यात्रेचं मॉड्यूल वेगळे पैसे देऊन घ्यावं लागेल, असं तो म्हणाला.

त्या दुपारी मी शिवणक्लासच्याच सॉफ्टवेअरवर एक साधं पान केलं. मोबाईलवर नीट दिसेल अशा मराठीत आणि खाली हिंदीत. पळणारा मथळा नाही, झेंडा नाही. 'तात्पुरते' हा शब्द वर ठळक टाकायचा, या अटीवर साहेबांनी परवानगी दिली. लोकांनी ते व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवलं.

यात्रेच्या दिवशी मी स्टेशनबाहेर उभी होते. बायकांचा एक घोळका गाडीतून उतरला. त्यातली एक मोबाईलवर आमचं पान वाचत होती आणि बाकीच्यांना गोंडीत सांगत होती. मग सगळ्या बरोबर पाण्याच्या टाकीकडे वळल्या. मला भरून आलं. मी वाटेतच उभी होते म्हणून त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. मी आनंदाने झाले.

यात्रा संपली, तात्पुरतं पान तसंच राहिलं. पुढे कराराची मुदत संपली आणि विक्रेता नवीन सॉफ्टवेअर दाखवायला आला. पडद्यावर आमचंच पान उघडलं. 'तात्पुरते' गेलं होतं, त्या जागी त्याच्या कंपनीचं चिन्ह होतं.

"हे लय मस्त दिसून राहिलं," सरपंच म्हणाले.

मी साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, हे आपलंच पान आहे."

"मग तर चांगलंच झालं," साहेब म्हणाले. "त्यांना आपल्या गावाचा अनुभव आहे. आणि आता त्याला जबाबदार माणूसही आहे."

करार झाला. नंतर विक्रेत्याचा माणूस ते पान कसं वापरायचं, याचं प्रशिक्षण द्यायला आला. विद्यार्थी मी एकटीच होते. मी चहा मागवला आणि मन लावून सगळं ऐकलं. शिकवत बरा होता.