फुंकरमास्तरांचा सदरा

छपराचे पत्रे बसवणाऱ्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली फुंकरमास्तर म्हणायची. सिमेंटचा पत्रा करवतीनं कापायचा, गाल फुगवून भुकटी उडवायची आणि कड सरळ दिसली की स्वतःवरच खूश व्हायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. तोंडाला फडकं बांधून येणाऱ्यांची ते यथेच्छ टर उडवत. "पत्रे कापायला आलात की दरोडा घालायला?"

मग सरकारनं त्या पत्र्यांवर बंदी आणली. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू छातीत जाऊन बसतात. तेव्हा नवे बसवायचे नाहीत, आणि जुने उतरवायचे ते शिकलेल्या माणसांनीच. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला पत्रा शिकवणार?" पण हात रिकामे बसेनात. मुकाट्यानं वर्गाला गेले.

पत्रा आधी ओला करायचा, फोडायचा नाही, अख्खा उतरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. अंगात पांढरा झगा, तोंडावर मास्क. मास्तरांनी पहिला बोल्ट काढला आणि सवयीनं मास्कच्या आतच अशी सणसणीत फुंकर मारली, की चष्म्यावर धुकं! वर्ग खदखदून हसला. मास्तरही हसले.

"मास्क सैल आहे, काका," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आणि हो, कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. ते झटकणाऱ्याच्या छातीतही हीच भुकटी जाते."

मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं.

रोज संध्याकाळी मागच्या दारात बायको त्यांचा सदरा खांद्यांना धरून झटकायची. फट्, फट्. उडालेल्या भुकटीवरून पत्रे किती कापले ते ओळखायचं, हा तिचा खेळ. "आज अकरा!" आणि अकराच असायचे. मास्तर चारचौघांत तिचं कौतुक सांगत. आता ते कौतुक आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छातीच्या तपासणीला ते तिला घेऊनच गेले.

"फक्त कामगारांची तपासणी आहे," कारकून म्हणाला. "या काय काम करतात?"

"मी कुठलं काम करते? घरीच असते," ती लाजून म्हणाली.

"हिचं ऐकू नका," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं पत्र्याच्या कामावर आहे. एक खाडा नाही. लिहा."

आवाज चढला तशा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "लिहा."

मास्तरांचा फोटो स्वच्छ निघाला. बायकोच्या फुप्फुसाच्या कडेला मात्र एक पांढरट पट्टा होता. आज धोका नाही, पण दर वर्षी दाखवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. घरी येईपर्यंत तीच बडबडत होती.

पुढच्या कामावरून ते अंघोळ करून, कपडे बदलून परतले. मागच्या दारात बायकोचा हात सवयीनं पुढे आला. तिनं सदरा घेतला, झटकला. काहीच उडालं नाही.

"अहो, यावरून काही कळत नाही," ती हिरमुसून म्हणाली.

मास्तरांनी तिच्या हातातून सदरा हळूच काढून घेतला. "नऊ," ते म्हणाले. "आता रोज मीच सांगत जाईन."