कावेरीकाकूंच्या खिडकीतला मेंदू

परतूरला मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्या घराच्या दर्शनी खिडकीला पडद्याऐवजी एक मेंदू लावलेला होता. म्हणजे मेंदूचा फोटो. औरंगाबादहून काढून आणलेली ती काळी फिल्म घरमालकीण कावेरीकाकूंनी खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधून टाकली होती. सकाळचं ऊन आलं की तिच्यातल्या पांढुरक्या चकत्या उजळायच्या. मग दूधवाला असो की पोस्टमन, दारात येईल त्याला काकू उभं करायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या मालकाचं डोकं आहे हे. भूत कुठं दिसून राह्यलंय का यात? दिसलं तर बोट ठेवा."

बोट ठेवायची कुणाची छाती होत नसे. मी वीज मंडळात कारकून. आमच्याच ऑफिसातला माणूस मीटर बघायला आला, तो फिल्म पाहून रीडिंग न घेताच पळाला आणि त्या महिन्याचं बिल अंदाजे निघालं. त्याबद्दलही काकू मलाच बोलल्या.

काकू उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला खेळणारी पोरं आपापल्या घरी जायची. "बिलकुल न्हाई" हे त्यांचं लाडकं वाक्य. भाजीवाल्याला बिलकुल न्हाई, मला बिलकुल न्हाई, आणि एकदा देवासमोर हात जोडून काहीतरी पुटपुटताना शेवटी तेच ऐकू आलं. त्यांचे यजमान रंगनाथराव मात्र अगदी हळू बोलणारे. उभा जन्म जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखण्यात गेलेला. चिमटीत कापूस धरून तो ओढायचा, धाग्याची लांबी डोळ्यांनी तोलायची आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. मी राहायला आले तेव्हा ते निवृत्त होऊन ओट्यावर बसलेले असत, आणि माझ्या पिशवीच्या बंदाचा धागासुद्धा चिमटीत धरून बघत.

मग हळूहळू घर बिघडायला लागलं. आपला डबा कुणी चोरला म्हणून रंगनाथराव भांडायला उठत. डबा मांडीवरच असे. तिन्हीसांजेला भिंतीजवळ माणसं बसलीत म्हणत, त्यांना पाणी द्या म्हणत. विनाकारण रडत. हवेत कापूस उडतोय म्हणून तासन् तास चिमटीनं तो गोळा करत बसत. गावात बोभाटा झाला की यांना बाहेरचं झालं. मंठ्याला असणारे त्यांचे धाकटे भाऊ दत्तोबा एका जाणत्याला घेऊन आले. जाणत्यानं लिंबू कापलं आणि सांगितलं, एका ठिकाणी नेऊन ठेवा, पायात साखळी घालतात, महिना-दोन महिन्यांत उतरतं. दत्तोबा वाईट नव्हते. भावाचे हाल त्यांना बघवत नव्हते, आणि त्यांना दुसरा रस्ता ठाऊक नव्हता.

"साखळी बैलाला बी घालत न्हाई मी," काकू म्हणाल्या, आणि ते कापलेलं लिंबू उचलून त्यांनी डाळीत पिळलं. जाणत्यालाही ती डाळ वाढली.

त्याच आठवड्यात त्यांनी रंगनाथरावांना पॅसेंजरनं औरंगाबादला नेलं. सोबतीला मी होते. तिथल्या डॉक्टरांनी पेशंटचं नाव विचारलं आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नवऱ्याचं नाव आयुष्यात उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांपुढेही उच्चारणार नव्हत्या. नाव मी सांगितलं. मग तपासणी झाली, यंत्रातून फोटो निघाला, आणि डॉक्टरांनी तो उजेडावर लावून दाखवला. मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग आकसलाय, मधल्या पोकळ्या रुंदावल्यात. "संशय, भास, रडणं, चिडणं, हे सगळं यातूनच येतं, आजी. ते मुद्दाम करत नाहीत. पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही, पण सांभाळता येईल. औषधं देतो. आणि त्यांच्याशी बोलत राहा, नावानं हाक मारा, त्यानं कधीकधी ओळख पटते."

परतल्यावर दत्तोबा पुन्हा आले. काकूंनी फिल्म खिडकीला बांधली आणि टोपलीतली एक जुनी मोसंबी त्यांच्या हातात दिली. "दाबा, भाऊजी. वरून बराबर दिसून राह्यलीय ना? आत गर सालीपासून सुटलाय. तसं झालंय यांचं. आता मोसंबीला भूत लागलं म्हणून कुणी साखळी घालतं का?" जालन्याच्या मातीत वाढलेल्या माणसाला मोसंबी समजावून सांगावी लागत नाही. दत्तोबा ती दाबत बसले. पण पटलं नाही. फोटोत भूत येतच नसतं, असं म्हणून ते गेले.

डॉक्टरांची नावानं हाक मारायची सूचना मात्र काकूंना औषधापेक्षा कडू गेली. दोन दिवस त्या चुलीकडे तोंड करून सराव करत होत्या, ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. तिसऱ्या दिवशी पदर सावरून, लग्नात उभ्या राहाव्यात तशा त्या खाटेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रंगनाथराव, मी कावेरी."

रंगनाथराव ताडकन उठून बसले. त्यांची नजर पार बदलली. "कोण तू? माझी बायको माझं नाव घेत न्हाई. कधीच घेत न्हाई. ही दुसरीच कुणी घुसलीय घरात!" त्यांनी तांब्या फेकून मारला.

डॉक्टर शहरातले. त्यांना काय माहीत, आमच्याकडे नाव घेतलं की ओळख पटत नाही, उडते. काकू बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. कपाळाला टेंगूळ आलं होतं. मला वाटलं आता रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बराबर बोलले ते. मी कधी घेत न्हाई." आणि मग मात्र रडल्या, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं, कुणाची भीड न ठेवता.

त्या दिवसापासून रंगनाथरावांनी त्यांना बायको म्हणून ओळखलं नाही. अहो म्हणून पाहिलं, जुनं लुगडं नेसून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. ही बातमी मंठ्याला पोचायला कितीसा वेळ लागणार? एका सकाळी दारात जीप उभी राहिली. दत्तोबांसोबत त्यांचे दोन दांडगे मुलगे होते, आणि मागच्या सीटवर दोरी पडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"वहिनी, आता तर ते तुम्हाला बी ओळखत न्हाईत," दत्तोबा म्हणाले. "मंग अडवायचा हक्क तरी काय राह्यला तुमचा? मी त्यांचा सख्खा भाऊ आहे." ते आत जाऊन भावाचा हात धरू लागले. "दादा, चल. या बाईपाशी नको राहू."

"ही माझी बायको न्हाई," रंगनाथराव भावाला म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

काकू दारात आडव्या उभ्या होत्या. त्या दत्तोबांशी बोलल्याच नाहीत. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बराबर आहे तुमचं, रंगनाथराव. मी न्हाई तुमची बायको. मी कामाला ठेवलेली बाई. कावेरीबाई गावाला गेल्यात, येतील. जाताना मला सांगून गेल्यात, मी येईपर्यंत मालकानं कुणासंगट जायचं न्हाई."

रंगनाथराव थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. "असं सांगून गेली ती?"

"माझ्या समोर."

त्यांनी पायातली चप्पल काढली आणि खाटेवर जाऊन बसले. "मंग मी कसा येऊ, दत्ता? ती आली आणि मी नसलो, तर तिला काय वाटेल?" पुतण्यांनी ओढून पाहिलं. त्या हळू बोलणाऱ्या माणसानं खाटेचा पाय असा धरला की खाट सरकली, पण हात सुटला नाही. शेवटी दत्तोबाच म्हणाले, सोडा रे. जाताना त्यांचे डोळे ओले होते. जीप रिकामी गेली.

त्यानंतर काकू आपल्याच घरात कामवाली होऊन राहिल्या. दिवसभर बिनदिक्कत "रंगनाथराव, उठा", "रंगनाथराव, तोंड उघडा" चालायचं. नाव घेतलं की त्यांना खात्री पटायची की ही परकी, आणि परकीशी ते फार अदबीनं वागायचे. "बाई, तुम्ही जेवलात का?" असं रोज विचारायचे. काकू स्वयंपाकघरात येऊन मला सांगायच्या, "आख्ख्या संसारात कधी विचारलं न्हाई मला. आता कामवालीला विचारून राह्यलेत!" राग होता की आनंद, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग आतून आवाज यायचा, "बाई, भाजीला कावेरीच्या हाताची चव न्हाई," आणि काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या.

भास गेले नाहीत, रडू गेलं नाही. वाईट दिवस फार वाईट असत. पण भिंतीजवळच्या माणसांना काकू पाणी देऊन येत, आणि हवेतला कापूस गोळा करायला स्वतःचा पदर पसरत. लोकांनी नावं ठेवली, वेड्यासोबत हीपण वेडी झाली म्हणाले. त्यांना काकू खिडकी दाखवायच्या.

अशी काही वर्षं गेली. शेवटी शेवटी रंगनाथराव अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी उशाशी असताना त्यांनी काकूंना खुणेनं जवळ बोलावलं. "बाई, ती आली की तिला सांगा. दत्ता आल्ता न्यायला. मी कुणासंगट गेलो न्हाई."

"सांगते," काकू म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात ते गेले.

गल्ली जमली. एक जण म्हणाली, सुटला बिचारा. दुसरी म्हणाली, कावेरी सुटली. काकूंनी मान वर केली. "कुणी सुटलं न्हाई. राखलंय मी त्यांना. आपल्या घरात गेले, आपल्या खाटेवर गेले. पाय बघा त्यांचे. वळ दिसतो का कुठं?" दत्तोबा भावाच्या पायाशीच बसले होते. त्यांनी त्या पायांवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तिरडी उचलायच्या आधी काकू उठल्या. इतकी वर्षं घरभर घुमलेलं ते नाव त्यांनी आता घेतलं नाही. नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि त्या मोठ्या आवाजातच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"अहो, आले बरं का मी. बाईनं सांगितलं मला सगळं."